सहावा मुक्काम

१७ ऑगस्ट

राघवेंद्र सरांनी ही डायरी दिली. त्यांच्या क्लासची आहे. वर त्यांचाच फोटो, हाताची घडी घातलेला. दर पानाखाली यशाचं एकेक वाक्य छापलंय, ते मी वाचणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. तेवढ्यात जेवढं लिहायला येतं तेवढं बास.

द्यायचं कारण असं की दिवाळीच्या सुट्टीत सर आणि क्लासचे बाकी मास्तर लोक बायकापोरांसकट अंदमानला चाललेत. बावीस माणसं. तिकडं जिथं बघावं तिथं मासळी, आणि ह्यांच्यातल्या निम्म्यांना वाससुद्धा चालत नाही. म्हणून काशी-रामेश्वरच्या बसबरोबर स्वयंपाकी नेतात तशी मला नेणार. कुठल्या मुक्कामाला काय शिजवायचं, काय इथून न्यायचं, ते ह्यात लिहून काढा म्हणाले. आमची पोरं तुमच्या खानावळीत जेवून डॉक्टर झाली मावशी, असंही म्हणाले. झाली ती झाली. न झालेलीही माझ्याकडंच जेवली, त्यांचं नाव कोणी काढत नाही.

मी नाहीच म्हणणार होते. विमान काय, जहाज काय, मला कशाला पाहिजे ही उठाठेव? मग सरांनी फळ्यावर मुक्काम लिहिले. पोर्ट ब्लेअर, नील, हॅवलॉक, रंगत, मायाबंदर. सहावा डिगलीपूर.

मी म्हणाले, येते.

डिगलीपूरला नरसिंग आहे.

१९ ऑगस्ट

डायरी पिठाच्या डब्यामागं ठेवते. तिथं कोणी हात घालत नाही. म्हणून खरं लिहिते.

नरसिंग माझा मुलगा आहे. सगळ्यांना मी भाचा सांगते. त्यालाही तेच माहीत आहे.

भूकंपात मालक गेले, धाकटी गेली. मी आणि नरसिंग राहिलो. तो पाच वर्षांचा, मी चोवीसची. पत्र्याच्या शेडमध्ये होतो. पुण्याची एक संस्था पोरं न्यायला आली. शाळा, कपडे, दोन टाइम जेवण, पार कॉलेजपर्यंत. पण आई-बाप दोन्ही गेलेलेच घेत होते. नुसता बाप गेलेला चालत नव्हता. मी दोन दिवस बसून विचार केला. मग टेबलापुढं जाऊन सांगितलं, ह्याची आई केवळाबाई गेली, मी तिची बहीण महादेवी. महादेवी हे माझ्या आईचं नाव. मला बहीण नाहीच, चार भावांत मी एकटी. पण त्या पावसात, त्या चिखलात कोण विचारतंय? साहेबांनी केवळाबाई मेलेल्यांच्या यादीत लिहिली आणि मी महादेवी झाले. लातूरला आले, रेशन कार्ड त्याच नावानं काढलं.

पोराला शिकवावं लागलं. आई कुठाय? गेली. ही कोण? मावशी. तो चुकायचा, आई म्हणायचा. मी एक थोबाडीत ठेवून दिली. त्याच्यानंतर नाही चुकला. गाडीत बसताना सगळ्यांसमोर "मावशी, जातो" म्हणाला, एकदम बरोबर. साहेब म्हणाले, हुशार पोरगं आहे.

पाच वर्षांचं लेकरू. महिन्याभरात विसरलं असणार.

वर्षातून दोनदा पुण्याला जायचे, मावशी म्हणून. शेंगदाण्याचे लाडू न्यायचे. तो डबा घेऊन तसाच बाकीच्या पोरांत वाटून टाकायचा, स्वतः एकही खायचा नाही. मला वाटायचं मनाचा लई मोठा आहे. दहावीनंतर म्हणाला, अभ्यास असतो, येत जाऊ नका. नाही गेले. आता बंदराच्या खात्यात आहे, जहाजांचं बघतो. दिवाळीला पत्र येतं, चार ओळींचं. ती. मावशीस, मी खुशाल आहे.

अठरा वर्षांचा झाला की सांगायचं ठरवलं होतं. तेव्हा त्याची परीक्षा होती. मग नोकरीचं चाललं होतं. नेहमी काहीतरी असायचंच. खरं म्हणजे माझीच जीभ उचलत नव्हती. आता तोंडावर जाऊन सांगणार. चारी बाजूंनी समुद्र असला म्हणजे पळायला जागा नाही, त्यालाही आणि मलाही.

२५ ऑगस्ट

शहजादीकडून नरसिंगला पत्र लिहून घेतलं. शहजादी माझ्याकडं पोळ्या लाटते, दहावी झालेली आहे, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीनंतर तुझ्या गावाला येतेय, एवढंच लिहायला सांगितलं. तिनं आपल्या मनानं "तुझी आठवण येते" घातलं. मी खोडायला लावलं. म्हणाली, "अक्का, भाच्याची याद आली तर काय गुन्हा हाय का? तुमचं तर सगळंच उलटं." मी म्हणाले, तू लाट.

२ सप्टेंबर

मुक्कामांचं बसवतेय. विमानात गॅस नेता येत नाही, जहाजावर पण नाही. प्रत्येक बेटावर कोणाची तरी चूल धरावी लागणार. सरांनी चार ठिकाणी फोन करून ठेवलेत. ज्वारीचं पीठ त्या दमट हवेत पाच दिवसांत कडू पडणार, म्हणून पहिल्या तीन मुक्कामांना भाकरी, पुढं रंगत-मायाबंदरला धपाटे, आणि डिगलीपूरला इथून वाळवून नेलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. सहा पिशव्या शिवल्या. दर मुक्कामाची वेगळी, म्हणजे शोधाशोध नको.

मालविका मॅडम, सरांची बायको, बघायला आल्या. त्यांना वाटतं नूडल्सची पाकिटं नेली की झालं. मी म्हणाले, मग मला कशाला नेताय, पाकीटच न्या. सहावी पिशवी बघून म्हणाल्या, मावशी, एका दिवसाला एवढं? ही सगळ्यांत जड कशी?

"शेवटचा मुक्काम हाय. तिथं काय मिळत न्हाई."

त्यात हुलग्याचं पीठ आहे. नरसिंग लहानपणी त्याचं पातळ माडगं दोन-दोन वाट्या प्यायचा. करडईचं तेल आहे. तिकडं नारळाचं खात असतील, पोट बिघडत असेल पोराचं.

१२ सप्टेंबर

डिगलीपूर रद्द झालं.

सरांनी नरसिंगच्या ऑफिसचा नंबर मिळवला होता. मीच म्हणाले होते, माझा भाचा जहाजाच्या खात्यात आहे, त्यालाच विचारा, तिकिटाचं सोपं होईल. सरांनी फोन केला. त्यानं सगळं नीट सांगितलं म्हणे. त्या आठवड्यात डिगलीपूरहून परतीचं जहाज नाही, बोट दुरुस्तीला जाते, रस्त्यानं यायचं तर जंगलातून गाड्या ठरलेल्या वेळीच सोडतात, लहान पोरांना त्रास होईल. त्यापेक्षा मायाबंदरहूनच मागं फिरा. सर म्हणाले, फार शांत आणि व्यवस्थित बोलतो मुलगा.

खात्यातलाच माणूस सांगतो म्हणजे खरंच असणार. आपल्याच पोरानं बावीस माणसांची अडचण वाचवली. मला बरं वाटायला पाहिजे.

मी विचारलं, माझं काही विचारलं का? सर म्हणाले, घाईत होता.

१३ सप्टेंबर

वरण खारट झालं. पोरं गप खाऊन गेली. ह्या पोरांना परीक्षेशिवाय कशाचीच चव लागत नाही.

२४ सप्टेंबर

शहजादी लेकीचा फॉर्म भरायला कॉम्प्युटरच्या दुकानात गेली होती. तिथं तिनं जहाजांचं बघितलं. आल्या आल्या म्हणाली, अक्का, तुम्हाला येड्यात काढलं. डिगलीपूरचं जहाज तर हाय. मंगळवारी हाय, शुक्रवारी हाय. दुरुस्ती नाही काही नाही.

माझं डोकंच फिरलं. हे मॅडमचं काम. त्यांना दोन दिवस आधी परत यायचंय, म्हणून सरांना खोटं बोलायला लावलं आणि माझ्या पोराचं नाव पुढं केलं. तशीच क्लासवर गेले, पिठाच्या हातानं. बाहेर बाकावर आई-बाप पोरांच्या ॲडमिशनला बसले होते, त्यांच्यासमोर बोलले. म्हणाले, सर, तुम्ही शिकवायचे मास्तर, एका अडाणी बाईशी खोटं बोलता?

सर चिडले नाहीत. मला आत नेलं, दार लावलं. म्हणाले, मावशी, मी खोटं बोललो नाही. त्यांनी मला जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं. मग थोडा वेळ पेनचं टोपण काढलं-लावलं. म्हणाले, तुमच्यात आणि त्यांच्यात काही झालंय का?

मी म्हणाले, काय होणार, भाचा आहे.

मग कोण खोटं बोललं? शहजादीलाच नीट वाचता आलं नसेल. दहावी झाली म्हणून काय झालं.

३० सप्टेंबर

एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्या दिवशी गावाला गेले नव्हते. कशाला जायचं, स्वतःच्या नावाला नमस्कार करायला? पण आज बसलेच एसटीत. वाटलं, त्याला सांगायच्या आधी एकदा बघून यावं.

जुन्या गावाच्या जागी दगड उभा केलाय, त्यावर नावं. शाळेची पोरं एकेक नाव वाचत होती. मालकांचं आलं, धाकटीचं आलं, मग माझं. पोरगी मोठ्यानं वाचून पुढं गेली. मला काहीच झालं नाही. पायात मुंग्या आल्या होत्या, दुसऱ्या पायावर उभी राहिले.

सरजाबाईनं ओळखलं. आमच्या घराशेजारी राहायची, आता वाकलीय पार. तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "केवळा न्हवं का तू? आगं भवाने, दर सालाला तुझ्या नावाला फुलं वाहते मी. समदी फुकट गेली की." आणि हसली. तिला माहीत होतं सगळं. आमच्या गल्लीतले जे चार-पाच जण वाचले त्यांना माहीत होतं, पोराचं भलं होतंय म्हणून कोणी तोंड उघडलं नाही.

मग म्हणाली, तुझा नरसिंग आला होता. तीन वर्षं झाली. नोकरीसाठी आईच्या मृत्यूचा दाखला पाहिजे म्हणून ग्रामपंचायतीत बसला दिवसभर. दाखला मिळाल्यावर तिच्या ओट्यावर येऊन पाणी प्याला. तिला विचारलं, माझ्या आईला बहीण होती का? ही म्हणाली, तुझ्या आईला बहीण कुठली, चार भावांत एकटी ती. तो बरं म्हणाला. मग दगडापाशी गेला आणि केवळाबाई नावावर हार लावला. बापाला नाही, बहिणीला नाही. फक्त आईला.

एसटीत सगळा रस्ता विचार करत आले. सरजाबाईला नीट दिसत नाही आता, दुसराच कोणी असेल. आणि तोच असला तरी काय, हार घातला म्हणजे त्याला आई खरंच गेली असं वाटतंय. मग तर बरंच आहे. मी समोर जाऊन सांगितलं तर केवढा आनंद होईल त्याला.

बहिणीचं का विचारलं, तेवढं मात्र कळलं नाही.

४ ऑक्टोबर

सरांना म्हणाले, तुम्ही मायाबंदरहून मागं फिरा, मी एकटी पुढं जाते. दोन दिवसांत येऊन मिळते. सर म्हणाले, भाषा येत नाही, कसं जाणार? मी म्हणाले, मेलेलं माणूस कुठंबी जातंय. ते हसले. त्यांना विनोद वाटला.

८ ऑक्टोबर

टीव्हीवर सकाळपासून वादळ. अंदमानवरून गेलं म्हणतात. झाडं आडवी पडलेली दाखवत होते. दुपारचं जेवण शहजादीवर टाकलं आणि क्लासवर जाऊन बसले. सर तासातासाला फोन लावत होते, लागत नव्हता.

९ ऑक्टोबर

आज अकराला लागला. सर आधी बोलले, मग माझ्या हातात देऊन बाहेर गेले.

विचारलं, बरा हाइस का.

"हो. झाडं पडली. जेटीला काही झालं नाही."

किती वर्षांनी आवाज ऐकला. पुण्यासारखं बोलतो, स्वच्छ. मी म्हणाले, "नरसिंगा, गावाला जाऊन आलास म्हणं."

"हो."

"तुला एक सांगायचं हाय. तिथं येऊनच सांगणार होते."

"नका सांगू, मावशी."

"ऐकून तरी घे."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही शिकवलंत, ते मी कधी चुकलो नाही."

रागानं नाही बोलला. फॉर्म वाचून दाखवावा तसा बोलला. मी म्हणाले, मग लेकरा, एकदाबी का न्हाई म्हणालास? तो म्हणाला, तुम्ही यायचात तेव्हा दर खेपेला वाटायचं, आज सांगतील. फाटकापर्यंत सोडायला यायचो ते त्याच्यासाठीच. तुम्ही म्हणायचात, लाडू नीट खा. दहावीपर्यंत वाट बघितली.



"आता इथं फाईलला आईचा दाखला जोडलाय," तो म्हणाला. "बायकोला, तिच्या घरच्यांना तेच सांगितलंय. मार्चमध्ये लग्न झालं माझं. मी आईला हार घातलाय, मावशी. तो आता काढत नाही."

मी विचारलं, "आन् जहाज?"

"जहाज आहे. आठवड्यातून दोनदा आहे. तुम्ही येऊ नका."

फोन त्यानं ठेवला नाही. मीच ठेवला.

१० ऑक्टोबर

सत्तर पोरं जेवली. काय केलं होतं ते आठवत नाही.

१४ ऑक्टोबर

आज राग आला. पोटातून आला. मी यादीत नाव दिलं नसतं तर कुठं असता हा? इथंच दाल मिलमध्ये पोती उचलत असता. साहेबासारखा बोलतो, जहाजं सोडतो, ते कोणामुळं?

मग भाजी चिरता चिरता वाटलं, त्याला मोठा केला तो संस्थेनं. शाळेत घातलं त्यांनी, तापात उशाशी बसले ते. मी काय केलं? मी फक्त मेले. आणि एवढं करून दर सहा महिन्यांनी त्याच्यापुढं जाऊन उभी राहायचे, लाडूचा डबा घेऊन.

तो फाटकापर्यंत यायचा. मला वाटायचं, शिस्त आहे तिथली.

थोबाडीत मारली त्याचा आवाज आठवत नाही. त्याचं तोंड आठवतं.

१५ ऑक्टोबर

शहजादीला सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. ती लाटायची थांबली नाही. दहा-बारा पोळ्या झाल्यावर म्हणाली, "अक्का, जावा तुम्ही तरी. दारात उभं राहिल्यावर कोण हाकलतंय?"

मी म्हणाले, तो हाकलणार नाही. आत घेईल, चहा देईल, बायकोला सांगेल मावशी आलीय. आणि मी मावशी म्हणून चहा पिऊन येईन. एवढंच होईल.

तिनं पुढची पोळी तव्यावर टाकली.

१८ ऑक्टोबर

सकाळी सरांच्या घरी गेले. पाच पिशव्या घेऊन गेले, प्रत्येकीत काय आहे ते चिठ्ठीवर लिहून. म्हणाले, माझं यायचं होत नाही. शहजादी येईल. तिच्या हातची भाकरी माझ्यापेक्षा पातळ होते. तुमच्यापैकी कोणाला तिच्या हातचं चालत नसेल तर आत्ता सांगा, तुमची पोरं पाच वर्षं तेच खाऊन राहिलीत.

सर म्हणाले, ते काही नाही मावशी, पण झालं काय?

"सुतक हाय," मी म्हणाले. "माझी बहीण गेली."

सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांना किती कळलंय कोण जाणे. खुर्ची पुढं सरकवली, मी बसले नाही. सुतकात दुसऱ्याच्या घरी कशाला टेकायचं?

मॅडम स्वयंपाकघरातून आल्या. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिकीट काढलेलं, त्यामुळं त्या बोटांवर मोजायला लागल्या. म्हणाल्या, लग्न झालेल्या बहिणीचं तीनच दिवस असतं मावशी. एकवीसला फिटेल. आपण निघायचं सव्वीसला. त्यात काय अडलं?

"मी धा दिवस पाळणार हाय."

"अहो, दहा दिवस तिच्या मुलांनी पाळायचे."

"एक मुलगा हाय," मी म्हणाले. "त्येनं त्येचं कवाच उरकलं. राहिलं ते मी पाळते."

सर मॅडमना म्हणाले, राहू दे. मग मला विचारलं, नाव काय होतं त्यांचं?

सांगितलं.

घरी येऊन खानावळीच्या किल्ल्या शहजादीला दिल्या. ह्या वर्षी दिवा लावायचा नाही, गोड करायचं नाही, चुलीला हात लावायचा नाही. मागच्या खोलीत चटई टाकलीय. आज पहिला दिवस.